माझ्या पोटातल्या अक्षता

मी शेगडी बोलतेय. गॅसची, तीन बर्नरची, वर काळी काच असलेली; मुक्काम घाटंजी. मध्ये कोणी बोलायचं नाही. गेले पंधरा दिवस या घरातलं प्रत्येक माणूस माझ्याविषयी बोललं, शेजारीपाजारी बोलले, टाकी आणणारा बोलला. मला मात्र एकानेही विचारलं नाही की बाई, तुला नेमकं काय होतंय? बाजू ऐकून न घेता मला घराबाहेर काढण्याचा निकाल लागला. म्हणून आता माझी पाळी.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईने माझे तिन्ही बर्नर पेटवून पाहिले आणि ‘ज्योत निळी, तपासणी पूर्ण’ अशी चिठ्ठी माझ्या पाठीला चिकटवली. त्यानंतर मला इतकं सरळ प्रमाणपत्र कोणी दिलं नाही. पुढे यवतमाळच्या एका दुकानात चार महिने प्रेशर कुकरांच्या शेजारी काढले आणि एक दिवस घनश्यामराव आले.

घनश्यामराव म्हणजे माझे मालक. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी घरातही ते फलाटावर उभे असल्यासारखेच बोलतात. त्यांच्या पत्नी मैनाबाई. घाटंजीत त्यांनी नवं घर बांधलं होतं, त्यासाठी मी हवी होते.

गृहप्रवेशाच्या दिवशी मला ओट्यावर बसवलं, माझ्यावर दुधाचं पातेलं ठेवलं आणि सगळं घर भोवती जमून दूध उतू जाण्याची वाट पाहत उभं राहिलं. वाट पाहत! दूध उतू गेलं, माझे तिन्ही बर्नर बुडाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दूध उतू जाणं शुभ असतं म्हणे. असेल. पुसायला मात्र त्या गर्दीतला एकही शुभ हात पुढे आला नाही.

पण मी तक्रारखोर नाही. बारा वर्षं राबले. भरताची वांगी थेट माझ्या डोक्यावर भाजली, त्यांचा रस माझ्या भोकांत गेला, मी गप्प राहिले. माझ्या काचेवरचं प्लास्टिक या लोकांनी सहा वर्षं काढलं नाही, ‘नवी राहते’ म्हणून. शेवटी ते आपोआप वितळलं, तेव्हा ‘कंपनीचा माल हलका’ असा शेरा मिळाला. गॅसच्या नळीला तर मैनाबाईंनी फुलाफुलांच्या कापडाचा झगा शिवलाय. त्या झग्याखाली नळीवर तिची मुदत छापलेली आहे. ती कधीच उलटून गेली. झगा मात्र दर दिवाळीला धुतला जातो.

यंदा वैशाखात घरात सून आली, निशिगंधा, माहेर बाभुळगाव. मुलगी हाताची चांगली, बोलायला कमी. तिचा नवरा इंद्रजित सकाळीच शाळेत शिकवायला निघून जातो. पुढे जे प्रकरण घडलं, त्यात त्याचं मत कोणी विचारलं नाही आणि त्यानेही ते दिलं नाही. त्याच्या शहाणपणाविषयी मला आदर आहे.

आता दसऱ्याचं ऐका. गुन्हा तिथे घडला आणि मी त्याची एकमेव साक्षीदार आहे.

दसऱ्याला या घरात सगळ्या अवजारांची पूजा होते. विळा, सुरी, मिक्सर, घनश्यामरावांची जुनी शिट्टी आणि मी. मैनाबाईंनी मला घासून पुसून लख्ख केलं. बर्नरची पितळी टोपणं काढून ठेवली. काचेवर स्वस्तिक काढलं. इथवर ठीक. मग त्यांच्या मनात आलं की देवाला वरवरची पूजा चालत नाही. म्हणून त्यांनी कुंकवात भिजवलेले तांदूळ चिमटीत घेतले आणि मोठ्या बर्नरच्या उघड्या तोंडातून थेट माझ्या पोटात सोडले. वर म्हणाल्या, “खा माय, पोटभर खा.”

मी गॅस खाते हो! मी भात शिजवते, तांदूळ खात नाही!

अक्षता आतल्या नळीत जाऊन बसल्या. माझी हवा अडली. आणि हवा अडली की आमच्या जातीची ज्योत निळी राहत नाही. पिवळी होते, काजळी धरते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच झालं आणि पातेलं, इकडच्या बोलीत गंज, बुडाला काळं पडलं.

“अव् निशिगंधा, हा गंज काळाठिक्कर झाला. काय करून राह्यली तू?”

“आई, मी काहीच नाही केलं. ज्योतच पिवळी येऊन राह्यली.”

“माह्या हातानं तर कालपरवापर्यंत निळी येत होती.”

झालं! पहिला आरोप सुनेवर. ती बिचारी घासणी घेऊन गंजाचं बूड घासत बसली. संध्याकाळी पुन्हा काळं, पुन्हा घासणं.

घनश्यामरावांनी मग चौकशी हाती घेतली. “चहा काहून लेट आहे?” इथून सुरुवात झाली आणि संशय टाकीवर गेला. त्यांनी टाकीला टिचक्या मारल्या, कान लावला, हलवून पाहिली. पुढे तिला आडवी करायला निघाले. निशिगंधाने कसंबसं थांबवलं. टाकी आडवी करणारा माणूस मला कधीच समजला नाही. ती काय झोपली की जास्त दूध देणारी म्हैस आहे?

टाकी आणणाऱ्या मारोतीला बोलावलं. त्याने घरात येऊन काट्यावर वजन करून दाखवलं.

“काका, टाकी भरून आहे. पाहा ना काटा.”

“काट्याले काय समजते? तीस वर्षं गाड्या सोडल्या मी. गाडीत किती सवाऱ्या आहेत, हे गाडीच्या आवाजावरून सांगतो.”

“मग टाकीत किती सवाऱ्या आहेत, ते सांगा अन् मले जाऊ द्या,” मारोती म्हणाला आणि गेला.

त्यानंतर घनश्यामरावांनी सेफ्टी पिनेने माझी भोकं टोचली. निशिगंधाने मोबाइलवर व्हिडिओ पाहून टोपणं लिंबू आणि खायच्या सोड्यात उकळली. चकाचक झाली, फक्त परत लावताना मोठं टोपण लहान बर्नरवर आणि लहान मोठ्यावर गेलं. आता माझी ज्योत पिवळी तर होतीच, शिवाय वाकडीही झाली.

शेवटी मैनाबाईंनी माझी दृष्ट काढली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या माझ्यावरून उतरवल्या आणि जाळायला घरात दुसरा विस्तव नाही म्हणून माझ्यावरच जाळल्या. सगळं घर खोकत अंगणात पळालं. आता इकडचा नियम असा की मिरच्यांचा ठसका आला नाही, तर दृष्ट लागलेली होती. आला, तर नव्हती.

“ठसका तर लई आला,” घनश्यामराव डोळे पुसत म्हणाले.

“म्हणजे दृष्ट नाही,” मैनाबाई म्हणाल्या. “मग काय आहे?”

दोघांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. टाकी निर्दोष, दृष्ट निर्दोष. उरली कोण?

“शेगडीच खराब झाली,” घनश्यामरावांनी जाहीर केलं. “दिवाळीत बाभुळगावचे पाहुणे येऊन राह्यले. त्यायच्यासमोर काळे गंज मांडता का? बदलून टाकू.”

बारा वर्षांच्या नोकरीचा शेवट असा, मिरच्यांच्या साक्षीने.

आठवडी बाजाराच्या दिवशी मला चादरीत गुंडाळलं आणि ऑटोत निशिगंधाच्या मांडीवर ठेवलं. एका बाजूला मैनाबाई, पुढे घनश्यामराव. प्रत्येक खड्ड्याला निशिगंधा मला पोटाशी धरत होती. सांगते, त्या वेळी मला रडू आलं असतं, पण आमच्यात ती सोय नाही.

भांड्यांच्या दुकानात गोविंदा नावाचा मालक बसला होता. जुनी द्या, नवी न्या, असा फलक बाहेर लावलेला.

“काका, पेटते का?”

“पेटते, पण पिवळी.”

“पिवळी नाही चालत. बदलीत चालू शेगडी लागते मले. नाहीतर भंगारात घाला. असं करा, तिकडे भुरीबाई बसते मिरचीच्या ढिगाजवळ. तिच्याकडून निळी करून आणा.”

म्हणजे पाहा माझी गत. बिघडलेली राहिले तर भंगारात, आणि बरी झाले तर दुसऱ्याच्या घरी! माझ्या घरी राहण्याचा रस्ताच कोणी ठेवला नव्हता.

भुरीबाई मोठ्या छत्रीखाली बसली होती. भोवती कुकरची रबरं, शिट्ट्या, बर्नर, नटबोल्टचे पाने. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येते, दर बाजाराला हीच जागा. मला खाली ठेवताच तिघे एकदम बोलू लागले. टाकी, सोडा, मिरच्या, सगळं एकाच वेळी.

भुरीबाईने हात वर केला. “तुमी चूप राहा. तिले काय झालं, ते तीच सांगन.”

बारा वर्षांत पहिल्यांदा! मी तर तिथेच तिची झाले.

तिने आपली छोटी टाकी जोडली, मला पेटवलं, ज्योत पाहिली, विझवली. टोपणं उचलली. “हे इकडचं तिकडं कोनं लावलं?”

“मी,” निशिगंधा हळूच म्हणाली.

मैनाबाईंचा चेहरा उजळला. “मी म्हणतच होती! पंधरा दिवसापासून म्हणून राह्यली!”

“थांब याडी,” भुरीबाई म्हणाली. तिच्या बोलीत आईला याडी म्हणतात. “टोपनानं ज्योत वाकडी होते. एवढी काजळी नाही धरत. आत काहीतरी आहे.” तिने मोठा बर्नर खोलून काढला, वर्तमानपत्रावर उलटा धरला आणि पान्याने ठोकला.

टप, टप, टप. लाल तांदूळ पडू लागले.

मिरचीच्या ढिगामागे बसलेल्या हंसाबाई हातातला तराजू तसाच धरून ओरडल्या, “अव् बाप्पा! शेगडीतून पुलाव निघाला!”

आजूबाजूचे आठ-दहा लोक जमले. “हे कोनं टाकले?” भुरीबाईने विचारलं. “मले काही करायचं नाही. पण सांगा, नाहीतर पुन्हा टाकान.”

घनश्यामरावांनी सवयीने सुनेकडे पाहिलं. मैनाबाईंनी पदर सावरला. “आता टोपणं धुतली तर निशिगंधानंच...” त्यांनी सुरुवात केली.

बोला हो, मी मनात म्हणत होते, खरं बोला! मी भंगारात जाईन, पण ही पोर आयुष्यभर त्या ओट्यावर उभी राहायची आहे.

निशिगंधा वाकून कागदावरचे तांदूळ गोळा करत होती, लोकांच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून. तिच्या नखांत पंधरा दिवसांची काजळी होती. मैनाबाईंची नजर त्या नखांवर गेली आणि वाक्य मध्येच थांबलं.

“मी टाकले,” त्या म्हणाल्या. “दसऱ्याले. देवाचं काम होतं म्हणून टाकले.”

“देवाचं नाव कायले घेतं याडी? देवानं वरून वाह्य म्हटलं असन, आत ढकल नाही म्हटलं.”

बाजार हसला. मैनाबाई नाही हसल्या. त्यांनी निशिगंधाच्या हातातून कागद घेतला आणि पुडी बांधून स्वतःच्या पिशवीत ठेवली.

भुरीबाईने नळी साफ केली, टोपणं जागच्या जागी लावली. मग साबणाचा फेस करून सगळ्या जोडांवर लावला. बुडबुडा आला की गॅस गळतो, एवढं साधं आहे. गॅस गळतो का म्हणून काडी ओढून पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यांची साक्ष पुढे कोणी नोंदवू शकत नाही. बुडबुडा आला नाही. तिने पेटवलं.

निळी. तिन्ही बर्नर निळे, सुरसुरत्या आवाजासह! मला माझीच ओळख पटली.

“घरची नळी केव्हा बदलली?” भुरीबाईने विचारलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. “नवी घेऊन जा. अन् झगे-बिगे घालू नका तिले, तिले थंडी नाही वाजत.” तिला झग्याचं कोणी सांगितलं नव्हतं. तिच्याकडे येणाऱ्या अर्ध्या नळ्या झगा घालूनच येत असाव्यात.

“चला,” घनश्यामराव म्हणाले, “आता झाली चालू. गोविंदाकडे देऊन टाकू.”

“कायले?” मैनाबाई गर्रकन वळल्या. “चूक माही, अन् घराबाहेर तिले काढता? मग मलेच द्या ना गोविंदाले बदलीत!”

घनश्यामरावांनी जरा विचार केला. “त्याले चालू पाहिजे, तू तर गुडघ्यानं बिघडलेली,” ते म्हणाले आणि ऑटो शोधायला गेले.

तर मी घरी आले. नवी नळी बसली, झग्याविना. माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे: आमची ज्योत पिवळी झाली की ती आमची भाषा असते. माणसांवर आळ घेण्याआधी बर्नर खोलून पाहा. आठवड्याला टोपणं धुवा, पूर्ण वाळवा, ज्याचं त्याला लावा. टाकीला उगाच छळू नका. आणि आमची पूजा करायचीच असेल, तर लांबून करा.

हे शेवटचं मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण त्याच संध्याकाळी मैनाबाई नारळ घेऊन आल्या. मी बरी झाले म्हणून. त्यांनी कुंकू लावलं, डोळे मिटले, ‘देवा, संकट टळलं’ म्हणाल्या आणि नारळ दोन्ही हातांनी माझ्या काचेवर नेम धरून उचलला.

“आई!” निशिगंधा ओरडली आणि तिने वरचेवर त्यांचं मनगट धरलं. “काच आहे ते! पायरीवर फोडा!”

सून इतक्या मोठ्याने या घरात कधीच बोलली नव्हती. घनश्यामराव वर्तमानपत्रामागे गेले. मैनाबाईंनी धरलेल्या मनगटाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग माझ्याकडे.

“बरं,” त्या म्हणाल्या. “पायरीवर फोडतो.”

बाहेर ठण् आवाज झाला. त्या वाटीत नारळाचं पाणी घेऊन परत आल्या, ओट्याशी थांबल्या आणि प्रसाद शिंपडायला वाटी माझ्यावर कलती केली. निशिगंधाने नुसतं पाहिलं.

मैनाबाईंनी वाटी सरळ केली, एक घोट स्वतः घेतला.

“गोड आहे व्,” त्या म्हणाल्या आणि उरलेली वाटी तिच्या हातात दिली.