डावा स्पीकर

"न्हाई भाई, डाव्याचा आवाज अजून दबलेलाच हाय," आसाराम दुकानाच्या पायरीवर बसत म्हणाले. मागे टेम्पोवाला दोन्ही स्पीकर उतरवत होता. तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा.

बाबाजानने चष्मा कपाळावर सरकवला. बोलला असता तर वाईटच बोलला असता.

श्रीरामपूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान चाळीस वर्षांपासून होतं. रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर. आता लोक बिघडलेली वस्तू दुरुस्त करत नाहीत, नवी घेतात. तरी आसारामांसारखे चार-दोन शौकीन होते. साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पुण्याहून आणलेले कमरेएवढे उंच, सागवानी अंगाचे दोन स्पीकर त्याने पोटच्या पोरांसारखे सांभाळले होते.

काम तसं छोटं होतं. स्पीकरच्या मागे वायर जोडायचे जुने टर्मिनल गंजले होते. स्क्रू फिरवला की आवाज खरखरायचा, सोडला की बंद पडायचा. ते काढून पितळी लाल-काळे टर्मिनल बसवायचे, एवढंच. पण डाव्या स्पीकरची मागची फायबरची पट्टी स्क्रू काढतानाच तडकली. बाबाजानने प्लायची नवी पट्टी कापली, भोकं पाडली, हवा निसटू नये म्हणून कडेने रबर लावलं. ऑनलाइन मागवलेले टर्मिनल नट आवळताना भोकात गरगर फिरायचे, तेही घट्ट बसवून घेतले. सोल्डरिंगचा डाग देताना हात किंचित थरथरला होता. चौसष्टाव्या वर्षी थरथरतोच. पण डाग पक्का होता.

पहिल्यांदा आसारामांचा फोन आला, "डावा दबलाय."

"अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं वायरींची अदलाबदल करून बघा."

"केली. तरी डावाच दबलाय. म्हंजी खोट स्पीकरमधीच हाय."

हिशेब बरोबर होता. बाबाजानने स्पीकर परत मागवला, डाग नव्याने दिले, आतली वायर बदलली. लाल-काळं उलटं तर लागलं नाही ना, म्हणून टर्मिनलला पेन्सिल सेल टेकवून पडदा बाहेर येतो का तेही पाहिलं. येत होता. स्पीकर घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोन.

मग समोरच्या चहावाल्याकडून कानावर आलं. आसाराम तिथे म्हणाले होते, "बाबाजानचा हात गेला आता."

ते मात्र लागलं. त्या दिवसापासून बाबाजान घरी जेवताना आपल्या बोटांकडे बघायला लागला. हसीना म्हणाली, "काय बघताय एवढं?" तर तिच्यावर उगाच खेकसला. एकदा तर दुकान बंद करून टाकावं असंही मनात आलं.

आज मात्र त्याने दोन्ही स्पीकर आणि त्यांचा मालक, तिघांना बोलावून घेतलं होतं.

त्याने स्पीकर भिंतीशी उभे केले, पुन्हा मागची पट्टी उघडली. मीटर लावला. दोन्हींचा आकडा सारखा. नट आवळला, सोडला, पुन्हा आवळला. पितळ चकचकत होतं, डाग आरशासारखा होता, आणि खोट कुठेच नव्हती. घाम नाकावरून मीटरवर पडला. त्याने पाना टेबलावर आपटला.

"बसा समोर," तो म्हणाला. सनईची कॅसेट लावली. "आता सांगा."

"डावा दबलाय."

बाबाजानने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. एकेक स्पीकर मिठी मारून उचलला आणि दोघांच्या जागा बदलल्या. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. कंबर चमकली. पुन्हा सनई लावली.

आसारामांनी ऐकलं आणि ते ताडकन उठले. "अहो भाई, काय केलं हे! चांगला हुता तो बी बिघडवला तुमी! आता त्यो दबला!"

बाबाजानच्या तोंडाशी शब्द आले होते. मोठ्याने, समोरच्या चहावाल्याला ऐकू जातील असे. पण बोलताना आसारामांनी मान किंचित तिरकी केली होती, उजवा कान पुढे करून. ती सवय आज पहिल्यांदा नीट दिसली.

त्याने स्वतःचा आवाज खाली आणला. आसारामांचं स्टूल उचलून उलटं फिरवलं.

"स्पीकरकडं पाठ करून बसा."

"कशापायी?"

"बसा तर खरं."

आसाराम बसले. सनई वाजत राहिली. बाहेरून एसटी गेली. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, पुन्हा पाठ केली, पुन्हा वळले. मग बराच वेळ वळले नाहीत.

"पाठ केली की दुसराच दबतोय. म्हंजी दोन्ही चांगले हायेत व्हय," ते अखेर म्हणाले.

"हायेत."

"कारखान्याचा भोंगा माज्या डाव्या अंगाला हुता. केबिनला लागूनच. दिसाला सा वेळा, चौतीस वर्सं." मग म्हणाले, "मी टपरीवर तुमचं नाव घेतलं, भाई."

"ऐकलं मी."

"उद्या जाऊन सांगतो तिथं."

"काय सांगणार?" बाबाजान म्हणाला. "ऱ्हाऊ द्या."

आपला हात शाबूत आहे, हे कळून छाती हलकी व्हायला हवी होती. ती झाली नाही. आसाराम पाठमोरेच बसले होते आणि त्यांच्या मानेवरचे पांढरे केस बाबाजानला फार जवळून दिसत होते.

स्पीकर पोचवायला तो स्वतः टेम्पोत बसून गेला. घरी त्याने वायरी जोडल्या, लाल-काळे नट बोटांनी आवळले. आसारामांनी आपली खुर्ची ओढली आणि आडवी लावली. तोंड खिडकीकडे, उजवा कान दोन्ही स्पीकरकडे. सनई सुरू झाली. त्यांनी डोळे मिटले.

त्यांची बायको मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या आणि खुर्चीच्या डाव्या बाजूला थांबल्या.

"अहो, चहा घ्या." जरा थांबून पुन्हा, "अहो, असं आडवं का बसलात?"

आसाराम हलले नाहीत. बाई बाबाजानकडे पाहायला लागल्या.

बाबाजानने त्यांच्या हातातली कपबशी घेतली, खुर्चीला वळसा घालून उजवीकडे गेला आणि हळूच म्हणाला, "टाइमकीपर, चहा."