डेल्बर्टची हरकत

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, एका हॉटेलात झोपाळे बनवणारे कारखानदार आपखुशीने जमले होते. बागेतल्या झोपाळ्यांचे नियम तेच लिहीत आणि सरकार ते उचलून कायद्यात घालत असे. रीत मात्र कडक होती: एकट्याची जरी हरकत असली, तरी ती ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दरवर्षी हरकत घ्यायचा तो डेल्बर्ट. म्हातारा महाखवचट! यंदा तो नव्हता. उन्हाळ्यातच वारला होता.

"चला, या खेपेला कुणाची आडकाठी नाही," सरकारकडून आलेली कार्ला म्हणाली. "म्हणजे हा नियमांचा मजकूर थेट कायद्यात."

कारखानदारीण व्हर्नाने डेल्बर्टच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता. 'बाई, कागद काय वाचत बसतेस? डोळे मिट आणि बस झोपाळ्यावर,' असं तो तिला नेहमी टोचायचा. तिने डोळे मिटले. साखळ्या कुरकुरल्या, पाय जमिनीवरून सुटले. खोली, माणसं, कॉफीचे कप सगळं खाली खाली गेलं. झोका आभाळाला टेकला आणि संथपणे मागे, आणखी मागे निघाला.

तिचा हात वर गेला.

"आता तू सुरू झालीस का?" शेजारचा लॉइड करवादला. "हरकत कशाला आहे तुझी?"

"झोपाळ्याच्या मागे जागा कमी सोडलीय आपण," व्हर्ना डोळे न उघडताच म्हणाली. "चेंडूमागे एक पोर धावत येतंय. आधी मला थांबवा."