वाढत्या अंगाचा बाइंडर

मी बोलतोय हो! मागे काय बघता? वर बघा. कपाटावर, शिलाई मशीनच्या तेलाच्या बाटलीशेजारी, चौकटीच्या कापडाचा लेंगा घातलेला जाड्या दिसतोय ना, तोच मी. लोक फाईल म्हणतात तेव्हा मी बाई होतो, बाइंडर म्हणतात तेव्हा बुवा. मला दोन्ही चालतं. तोंडात दात नसलेल्यानं मानापमान काढू नयेत.

पण एके काळी होते बरं का दात! दोनच, पण लोखंडी. तुमची पोरं बोळकी जन्मतात; मी कारखान्यातून दात घेऊनच बाहेर पडलो.

मग एका हापिसात लागलो. काम एकच, खाणं. आलेल्या कागदाला दोन भोकं पाडायची आणि माझ्या दातात अडकवायचा. बिलं खाल्ली, पावत्या खाल्ल्या. एकदा साहेबांचा रजेचा अर्ज पोटात खोल गेला तो सापडलाच नाही. साहेब गैरहजर लागले, मी गप्प. एवढे कागद पचवूनही मला अक्षर वाचता येत नाही. पण त्यात काय, तिथल्या निम्म्या साहेबांचंही तेच होतं.

पुढे कॉम्प्युटर आला आणि मी भंगारात गेलो. तिथं जुनी पेडलं हुडकायला एक सायकल दुरुस्तीवाला आला. मला उलटा-सुलटा करून म्हणाला, "चल, तू माझा जीव वाचवणार." मला वाटलं, चला, पुन्हा खाणंपिणं सुरू!

घरी बघतो तर नवरा पंक्चर काढणारा आणि बायको सुई चालवणारी शिंपीण. हा संसार टिकला कसा, ते ट्यूबांनाच विचारा.

सायकलवाल्याचा जीव अडकला होता एका विनोदी मासिकात. लहानपणी तो आणि त्याचा दादा खाऊचे पैसे साठवून अंक घ्यायचे, एक दादाचा, एक याचा. मासिकाचा मालक छापखान्यातले उरलेसुरले कागद वापरायचा. त्यामुळे एक अंक ताडमाड, एक बुटका, तर एक आडवा सुटलेला. कुठल्याच फायलीत बसत नाहीत म्हणून घरोघरचे अंक रद्दीत गेले. या दोघांचे उरले.

दादा म्हणजे निवृत्त तिकीट तपासनीस. अजूनही पाहुण्याकडे असा बघतो की पाहुणा आपोआप खिसे चाचपतो. तो आपल्या वाटणीचे अंक धाकट्याकडे टाकून म्हणाला होता, "माझ्या घरात जागा उरली नाही. सगळे एकत्र तुझ्याकडे राहू देत. पण रविवारी येऊन बघणार. एकाला भोक दिसलं, एकाला घडी दिसली, की सगळे उचलून मित्राच्या काचेच्या कपाटात. तुझेसुद्धा!"

धाकट्यानं मान हलवली. साठी उलटली तरी दादापुढं ती मान उभीच हलते, आडवी नाही.

दादा जिना उतरल्यावर शिंपीण म्हणाली, "जन्मभर लोकांच्या तिकिटांना भोकं पाडली, आणि आता भोकांचा राग?"

"हळू बोल!"

"गेलेत ते."

"तरी हळू बोल."

म्हणून मला आणलेलं. पण ताडमाड अंक माझ्यात गुडघे बाहेर काढून बसला, आडवा तर दारातच अडकला. आणि माझे दात! ते भोकंच मागणार.

"मग उपटा ना," शिंपीण मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

त्यानं पक्कड काढली. भूल नाही, 'आ करा' नाही. खाट, खाट! त्यानं माझे दात काढले, तेव्हापासून मी दात काढतोय.

मग त्यानं सायकलचे स्पोक आणले. अंक मधोमध उघडायचा, स्पोक खाचेत बसवायचा, टोकं माझ्या पाठीला अडकवायची.

"हात बघू," ती म्हणाली. हात ग्रीसनं काळेकुट्ट. "भाऊजी घडी शोधणार, आणि तुम्ही बोटांचे ठसे देताय? आधी हे साबणाला दाखवा. आणि ती सळई लांब ठेवा, कागद कापेल."

मग तिनं टेप गळ्यात घातला आणि माझी मापं घेतली. उंची, छाती, सगळं. पुठ्ठे जोडून मला लांबरुंद केलं, वर चौकटीचं कापड चढवलं, मिटायला एक बटण लावलं, आतून पाठीला लेंग्याच्या इलॅस्टिकच्या उभ्या नाड्या शिवल्या. अंक उघडायचा, नाडीखाली सरकवायचा. उंच असो बुटका असो, इलॅस्टिक सांभाळून घेतं. ताणलं तरी उलटून बोलत नाही, हाच काय तो त्याच्यात आणि माणसात फरक.

सगळे अंक बसले. तरी मी ढगळ. एक नाडीही रिकामी लोंबत होती.

"हे चार बोटं जास्त कशाला?" सायकलवाला किंचाळला.

शिंपिणीनं जीभ चावली. "सवय हो. वाढत्या अंगाचं कापलं."

"अगं, मासिक बंद पडून जन्म झाला! वाढणार कोण?"

"तुम्ही वाढताय की. पोट बघा."

पण रविवार उजाडला होता. उसवायला वेळ नव्हता.

दादा आला. चष्मा पुसून एकेक पान उजेडाकडे धरून बघितलं. भोक नाही. घडी नाही. "हं," तो म्हणाला. प्रवाशाकडे तिकीट सापडलं की तपासनीस काढतो तसला, निराश हं. मग त्यानं माझं पोट दाबलं. "हे ढगळ का? अंक आत लोळतील."

सायकलवाल्यानं बायकोकडे बघितलं. शिंपीण म्हणाली, "वाढत्या अंगाचं आहे, भाऊजी."

दादानं माझं पोट पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग त्यानं पिशवीतून एक अंक काढला. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत रुंद, मासिक नव्हे, दार!

"विशेषांक! हा तर हरवला होता! मी आठवडाभर रडलो होतो!" सायकलवाला ओरडला.

"हरवला नव्हता. पाळी तुझी होती, हाव माझी," दादा चष्म्यातून जमिनीकडे बघत म्हणाला. "पण हा कुठंच बसत नाही रे. हा इथं नीट बसला, तर सगळे इथं. नाहीतर सगळे तिकडं."

मी श्वास ओढून पोट आत घेतलं. अंक उघडला, नाडीखाली सरकला, कडेपर्यंत गेला आणि थांबला. शिंपिणीनं माझं बटण लावलं. लागलं!

"चार बोटं," ती नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली.

दादा असा खो खो हसला की त्याची कवळी निसटून माझ्यावरच पडली. मी तिच्याकडे बघितलं. तोही बोळका, मीही बोळका. उगाच इतका वेळ त्याला घाबरलो.

तेव्हापासून दर रविवारी दोघं भाऊ मला मांडीवर घेऊन बसतात आणि तेच जुने विनोद वाचून नव्यानं हसतात. खाणं गेलं माझं, पण पोट भरलेलं आहे. तुमच्याही घरात काही बसत नसेल, तर लगेच रद्दीत टाकू नका. माप घेताना चार बोटं जास्त धरा. कोण कधी पिशवीतून काय काढेल, सांगता येत नाही.

या एकदा, दाखवतो अंक. पण हात आधी साबणाला दाखवून या!