पकवान गरमच खायचे असतात

"समजा, मी नसलेच, तर तुम्ही चौदा तारखेला काय खाणार?"

हा प्रश्न माझा नाही, माझ्याबरोबर लेझीममध्ये असणाऱ्या पायल आणि राजसीचा आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला गेटपाशी अडवलं आणि तो अक्षरशः माझ्या तोंडात कोंबला. वर म्हणाल्या, "हिंमत असेल तर घरी विचार. उद्याच. सगळे जेवायला बसलेले असताना." मी म्हटलं, कुणाला हिंमत विचारताय? अख्ख्या नववी ब समोर उभं राहून ‘सर, फळ्यावरचं उत्तर चुकलंय’ असं सांगणारी मनाली आहे मी!

तर रविवारी दुपारी विचारला.

बाबांचा घास हातातच राहिला. आजीनं कान पुढे केला. आईनं आमटीची पळी भांड्यात सोडली. आणि मग तिघंही हसायला लागले.

"नसलीस म्हणजे? कुठं चाललीस?" बाबा म्हणाले.

"परस्पर लग्न ठरवलंन की काय!" ही आजी. गयाबाई, वय बहात्तर, दात चार, जीभ मात्र पूर्ण शाबूत.

"तू नसशील असं होईलच कसं गं?" आई म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

ते रागावले असते तर मी भांडले असते. मला छान भांडता येतं आता. पण हसणाऱ्या माणसांशी काय भांडणार? मी भात कालवत बसले. तेवढ्यात मांजर्लीहून कुंदाआत्याचा फोन आला. बाबांचे हात खरकटे, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावला.

"जय भीम दादा! ऐक, मंगळवारी जयंतीला आम्ही सहा जण येतोय. माझी नणंद पण येतेय. तिला म्हटलं, आमच्या मनूच्या हातचे पकवान एकदा खाऊन बघ, कढईतून थेट ताटात! मनू आहे ना घरी?"

"आहे की. जाते कुठं!" बाबा माझ्याकडे बघून डोळा मारत म्हणाले. "एकूण बावीस माणसं झाली मग."

बावीस माणसं, प्रत्येकी तीन पकवान. सहासष्ट. गणितात मी बरी आहे, पण हे गणित मला रडवतं.

आता हे पकवान प्रकरण सांगायला हवं.

गेल्या ऑक्टोबरपर्यंत आमच्या नातेवाइकांत माझी ओळख एवढीच होती: राजेंद्रची मुलगी, ती गप्प बसते ती. धम्मचक्र दिनाला आमच्या बुवापाड्याच्या घरी सगळे जमतात. खीर, पुरी, बटाट्याची भाजी. पुऱ्या आईच्या. पण त्या वेळी आई तापानं आडवी झाली आणि पंधरा माणसं यायची होती. मला पुऱ्या जमत नाहीत, माझी पुरी म्हणजे पापडच. मग मला भाविकाची मम्मी आठवली. भाविका माझ्या वर्गात आहे, उल्हासनगरहून येते, सिंधी. तिच्या घरी मी दाल-पकवान खाल्लं होतं आणि करताना नीट बघितलंही होतं.

फार सोपं असतं. मैदा, मूठभर रवा, ओवा, मिरी, मोहन घालून घट्ट पीठ. पातळ लाटायचं, काट्यानं भोसकायचं म्हणजे फुगत नाही, आणि मंद आचेवर तळायचं. हरभऱ्याची डाळ हळद-मीठ घालून शिजवायची, वर जिरं-मिरचीची फोडणी, चिंचेची चटणी, हिरवी चटणी, कच्चा कांदा. बस्स. मला जमलं! म्हणजे असं जमलं की श्रीपादकाका, जे जेवणाबद्दल कधीच काही बोलत नाहीत, ते म्हणाले, "अजून आहे का?"

आणि मग एकेक जण स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन मला बघायला लागला. मला! कपाळावर पीठ, हातात झारा. कुंदाआत्या म्हणाली, "अगं, कढईतला लगेच ताटात, काय मज्जा आहे! हे गरमच खायचे असतात का गं?"

मी म्हटलं, "हो आत्या. गरमच खायचे. गार झाले की चामट होतात. हाताचा अंदाज लागतो याला, सांगून नाही येत."

खोटं. साफ खोटं. भाविकाच्या मम्मीनं मला काय सांगितलं होतं, तर, "बेटा, दो दिन पहले तल के डब्बे में भर दो, फिर ऐश करो." पकवान गार झाल्यावरच खरे कुरकुरीत होतात. आठ दिवस टिकतात. पण ‘आठ दिवस टिकतात’ म्हटलं असतं तर दाराशी कोण आलं असतं? सगळे आपापल्या जागी बसून खात राहिले असते आणि मी परत गप्प बसणारी मुलगी झाले असते.

तेव्हापासून सात वेळा. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पकवान. आतेभावाला नोकरी लागली, पकवान. सावित्रीमाईंची जयंती, पकवान. खीर-पुरी बाद. "मनू आहे ना!" असं म्हणतात आणि मैद्याची पिशवी आणून ठेवतात.

आमचं स्वयंपाकघर तुम्ही बघितलेलं नाही. दोन माणसं आत असली तर एकानं श्वास आत घ्यायचा आणि दुसऱ्यानं सोडायचा. खिडकी डक्टमध्ये उघडते, तिथून वरच्यांच्या मोरीचा वास येतो म्हणून ती बंद. पंखा लावला तर गॅस फडफडतो म्हणून तोही बंद. आणि बाहेरच्या खोलीत पंगत बसली की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून थेट घराच्या दारापर्यंत जाते. मधे जागा नाही. वाढलेली ताटं ओलांडून जाणार कसं? आजी तर तंगडंच मोडेल. म्हणजे पंगत उठेपर्यंत मी आत. तेलासमोर.

एकोणतीस मार्चला तर कमाल झाली. बाबांच्या कंपनीतली आठ माणसं जेवायला होती. सहा वाजता विहाराच्या मागच्या मैदानात आमची जयंतीच्या मिरवणुकीसाठी लेझीमची प्रॅक्टिस. मी लेझीममध्ये आहे हे घरी माहीत आहे, पण त्यांना वाटतं ‘आहे’ म्हणजे गर्दीत कुठंतरी आहे. तसं नाही. आम्हाला शिकवणाऱ्या संतोषदादांनी यंदा शिट्टी मला दिलीय. पहिली रांग, मधोमध. मी शिट्टी मारली की चाळीस मुली हात बदलतात. चाळीस! पहिल्यांदा तसं झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

तर त्या दिवशी मी ड्रेसच्या आत प्रॅक्टिसचा टी-शर्ट घालूनच तळत होते. ठरवलं होतं, पावणेसहापर्यंत चोवीस तळायचे आणि पळायचं. बाहेरून आवाज, "वहिनी, एक गरम येऊ दे!" मग, "पोरीच्या हाताला चव आहे बुवा, राजेंद्र!" मग, "अजून एकच हं, शेवटचा." शेवटचा, शेवटचा करत सहा वाजून गेले. मी उंबऱ्यावर येऊन बघितलं. आठ पाठी, आठ ताटं, आणि पलीकडे दार. दाराबाहेर माझ्या चपला दिसत होत्या.

मग मैदानातून शिट्टी ऐकू आली. बंद खिडकीतूनसुद्धा. राजसी वाजवत होती, मला ओळखू येतं, ती जरा लांबवते. मी आत जाऊन पुढचा पकवान सोडला. तो तेलात खाली बसला, आणि कितीतरी वेळ वर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी संतोषदादा म्हणाले, "मनाली, तू चांगली आहेस. पण ही तिसरी दांडी. चौदाला संध्याकाळी सातला येणार की नाही, ते मला बारा तारखेच्या प्रॅक्टिसला सांग. नाही जमणार तर शिट्टी राजसीला देतो. तिला तयारीला वेळ मिळायला हवा."

आणि आज रविवार, बारा तारीख. प्रॅक्टिस सहा वाजता.

जेवणं झाली. बाबा आडवे झाले, आजी भिंतीला टेकून डुलायला लागली. आई स्वयंपाकघरात खाली बसून मंगळवारची हरभऱ्याची डाळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. तिची साडी सिलिंडरला टेकत होती आणि माझे गुडघे तिच्या परातीला.

"आई."

"हं."

"पकवान गारही चालतात. गारच चांगले लागतात. मी खोटं सांगितलं होतं."

मला वाटलं, परात खाली पडेल. ती एक खडा काढून बाजूला ठेवत म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय?"

"त्या पहिल्या खेपेला तीन उरले होते. मी बिस्किटाच्या डब्यात ठेवले. माझा ताप उतरला पाचव्या दिवशी, तेव्हा चहाबरोबर खाल्ले. काय कुरकुरीत होते."

"मग तू बोलली का नाहीस? सहा महिने मी इथं भाजून निघतेय!"

आईनं डाळीतून बोटं फिरवली. माझ्याकडे बघितलं नाही. "आधी वाटलं, पोरगी पहिल्यांदा एवढी बोलतेय, हसतेय, कशाला मोडता घालू. मग जानेवारीत मी पंगतीत बसले, कुंदाताईंच्या शेजारी. तू माझ्या ताटात गरम वाढलंस. मला लग्न झाल्यापासून गरम कुणी वाढलं नव्हतं गं मनू. माझ्या पुऱ्या तळून व्हायच्या तेव्हा सगळ्यांचे हात धुऊन झालेले असायचे. मग नाही बोलले मी. चुकलं माझं."

मला राग आला. खूप आला. पण तो ठेवायला त्या स्वयंपाकघरात जागाच नव्हती.

"म्हणजे चौदा तारखेला पण तू आतच असायचीस? मिरवणूक तर आपल्या खालून जाते."

"हो ना. ढोल जवळ आला की त्या मांडणीवरची भांडी थरथरतात." तिनं हनुवटीनं दाखवलं. "भांडी वाजायला लागली की समजायचं, आली. थांबली की गेली. एकोणीस वर्षं अशीच बघितली मी मिरवणूक."

मी मांडणीकडे बघितलं. ताटं, वाट्या, स्टीलचे पेले. एकदम गप्प.

पाच वाजता चहा झाला. सगळे बाहेरच्या खोलीत होते. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि पकवानाचं खरं काय ते मोठ्यानं सांगून टाकलं.

बाबा म्हणाले, "म्हणजे उल्हासनगरला गाडीवर काचेत रचून ठेवलेले असतात ते..."

"तसेच असतात, बाबा."

"मला वाटायचं, आदल्या दिवशीचे उरलेत. कधी घेतलेच नाहीत."

आजी हसली. मग डोळे बारीक करून म्हणाली, "मग त्यात तुझं काय गं राहिलं? आदल्या दिवशी तळायचे, डब्यात भरायचे. हे तर कुणीपण करेल."

हेच मला नको होतं ऐकायला. सहा महिने ह्याच वाक्याला मी घाबरत होते.

"हो आजी," मी म्हटलं. "कुणीपण करेल."

"पण मनू, बावीस माणसं आहेत," बाबा म्हणाले. "कुंदा नणंदेला काय सांगून आणतेय, ऐकलंस ना? आणि लेझीम काय, दरवर्षी असते."

"आत्याला फोन मी करते. खोटं मी बोलले, मीच सांगणार. आणि लेझीम दरवर्षी असते बाबा, पण शिट्टी यंदा माझ्याकडे आहे. पहिल्या रांगेत. तुम्ही विचारलंच नाही, मी पण सांगितलं नाही."

"शिट्टी? तुझ्याकडे?" बाबांनी कप खाली ठेवला.

आई माझ्या मागे येऊन उभी होती. तिच्या हाताला डाळीचा वास येत होता. साडेपाच वाजत आले होते आणि दारापर्यंतची सगळी जागा मोकळी होती.

"आता सगळे ऐका," मी म्हटलं. "मी ठरवलंय. मी आता संतोषदादांना ‘येते’ म्हणून सांगायला चाललेय. उद्या बाबा, तुम्ही कंपनीतून आलात की आपण सगळ्यांनी बसून सहासष्ट पकवान करायचे. मी लाटीन, आजी काट्यानं भोसकेल, तुम्ही आणि आई आळीपाळीनं तळायचं. मग डब्यात भरायचे. मंगळवारी संध्याकाळी ह्या घरात कढई चढणार नाही. डाळ तेवढी गरम करायची, ती बाबा, तुम्ही करायची, आणि ज्यानं त्यानं आपल्या हातानं वाढून घ्यायचं. सातला मी शिट्टी वाजवणार. आणि आई पांढरी साडी नेसून खाली रस्त्याच्या कडेला उभी राहणार, अगदी पुढे, मला दिसेल अशी."