एका दुपट्ट्यात अकरा सोंगं

गुलाब ढगे कोण, असं हिंगणघाटात विचारलं असतं तर दहांतले नऊ जण डोकं खाजवत बसले असते. पण नुसतं 'वरमाय' म्हटलं की पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे खुदकन हसायचे.

अठरा वर्षं गुलाब शोच्या कुस्त्या खेळत होता. चार खांब, दोर, भोंगा आणि भोवती दोन-तीन हजार माणसं. कोण पडणार ते आधी ठरलेलं, पण पाठ आपटायची ती खरीच. एवढ्या वर्षांत त्यानं अकरा सोंगं गाजवली. सेलूला तो टीसी झाला, काळा कोट घालून पडलेल्या गड्याच्या छातीवर बसून दंडाची पावती फाडायचा. पुलगावला छडीवाला मास्तर. आर्वीला नवरदेव, मुंडावळ्या बांधून घोडीवरून यायचा आणि मार खाऊन रडत परत जायचा. आणि सगळ्यांची लाडकी ती वरमाय. मानपान झाला नाही म्हणून रिंगच्या मधोमध रुसून बसायची, आणि सारं मैदान 'उठा हो विहीणबाई' म्हणून आळवेपर्यंत उठायची नाही.

आता तो बेचाळीसचा झाला होता. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरायचा. कंपनीचा मालक राकेश त्याच्याकडे आजकाल जुन्या स्कूटरकडे पाहावं तसा पाहायचा. हिंगणघाटच्या शोसाठी त्यानं नवं सोंग काढलं होतं, भोंदूबुवा. गळ्यात हार, हातात झांज. गुलाबनं अभंगाची एक ओळ वेडीवाकडी म्हणायची, लोकांनी चपला फेकायच्या, आणि तेवीस वर्षांच्या मिहिरनं उचलून आपटायचं.

गुलाबला हे सोंग पटेना. रामाच्या देवळातल्या तिसऱ्या खांबाशी बसून त्यानं उभा जन्म कीर्तन ऐकलं होतं. शोच्या आदल्या दिवशी तो तिथंच गेला. चैत्राचं नवरात्र, शरयूबाई कीर्तनाला उभ्या होत्या. या बाईंनीच त्याला चौथीत शिकवलेलं. आख्यान सीतास्वयंवराचं. खांद्यावरचं उपरणं त्यांनी डोक्यावरून घेतलं की त्या सीता, कमरेला करकचून आवळलं की रावण, दोन्ही हातांवर अलगद धरलं की जनकराजा. सत्तरीची ती एकटी बाई, पण गुलाबला सगळा दरबार दिसत होता. डोळे भरून आले त्याचे.

आरतीनंतर त्यानं सगळं सांगितलं. "बाई, करू का नको?"

"मला कशाला विचारतोस? मी आत्ताच रावण झाले ना?"

"तसं नाई बाई..."

"हे बघ, भोंदू बुवा जगात आहेतच. त्यांचं सोंग आण, मी पहिल्या रांगेत बसून हसेन. पण रावण करताना मी रावणातही जीव ओतते रे. तुझ्या राकेशला सोंग नकोय, झांजेला चप्पल लागलेली हवीय. ते तुझ्या हातून होईल का, हे तूच सांग."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, वणा नदीच्या काठच्या मैदानात, तंबूत झांज हातात घेऊन गुलाबनं ती परत टेबलावर ठेवली.

"नाई होत माह्या हातून."

"काऊन? पाप लागते का?" राकेश खेकसला.

"पापाचं मले नाई समजत. पन ज्या झांजेच्या तालावर टाळ्या पिटल्या, तिच्यावर चपला पडू देऊ का?"

"मंग पेटीले हात लावायचा नाई. कोट, छडी, वरमायचं लुगडं, सारं कंपनीचं आहे. असाच बनियनवर जा, दोन मिनिटांत पड अन् घरी जा. उद्यापासून येऊ नको." राकेशनं पेटीला कुलूप घातलं. "पेटीबिगर तुले कोन ओळखते, काका?"

हेच तर गुलाबला आतून खात होतं. अठरा वर्षं लोकांनी कोटावर प्रेम केलं की आतल्या माणसावर? आज दोन मिनिटांत कळणार होतं, तेही स्वतःच्या गावात. बजरंगबलीचं नाव घेऊन, खांद्यावर घाम पुसायचा लाल दुपट्टा टाकून तो दोराखालून आत शिरला.

मिहिर धुरातून, गाण्यावर नाचत आला. शिट्ट्याच शिट्ट्या. गुलाबचं नावही पुकारलं नाही.

"हा कोन बे? पंच असन."

"ओ काका, बाहेर निघा! कुस्ती सुरू होऊन राह्यली!"

मैदान हसलं. मिहिरनं त्याला कमरेत धरून उचललं आणि आपटलं. पाठीतून कळ गेली. शिट्टी नाही, हाक नाही. गुलाब पालथा पडून राहिला. बोटांना दुपट्टा लागला, आणि डोळ्यांसमोर सत्तरीच्या बाईच्या डोक्यावरचं ते उपरणं आलं.

त्यानं दुपट्टा डोक्यावरून घेतला. पदर दातात धरला. रिंगच्या मधोमध मांडी घातली आणि लोकांकडे पाठ केली.

 मग शेंगदाणेवालीचा आवाज आला, "अवो माय! हे तर वरमाय होय!"

"वरमाय! वरमाय!" मैदान उसळलं. "उठा हो विहीणबाई!"

मिहिर गोंधळून उभा. पदराआडून गुलाब पुटपुटला, "पाया पड, लेका." मिहिर वाकला आणि गुलाबनं त्याला खांद्यावरून पार पलीकडे टाकलं. तो उठायच्या आत दुपट्ट्याला पीळ देऊन त्याची छडी झाली होती. "अभ्यास केला का रे? कान धर!" पोरगं कान धरून उठाबशा काढू लागलं, दोन हजार माणसं एका सुरात मोजू लागली. मग दुपट्टा कोटासारखा खांद्यांवर आला. हवेत अदृश्य पावती फाडताच मागून लोक ओरडले, "दंड भर बे!" मग डोक्याला फेटा, आणि घोडीवरून दुडक्या चालीनं नवरदेव. हातात काही नाही, अंगावर काही नाही, आणि सगळ्यांना सगळं दिसत होतं. अकराची अकरा सोंगं झाली तेव्हा दहा मिनिटं उलटली होती.

दोघं एकमेकांना भिडले. मिहिर कानाशी हसत म्हणाला, "काका, लहानपनी सेलूले तुमच्या पावत्या झेलाले धावलो मी. उचला मले. मी उडी मारतो."

"ठरलं तसं नाई, बाबू. तू जिकायचा आहेस."

"ठरवनारा बाहेर उभा आहे. अंदर आपन दोघंच."

गुलाबनं दुपट्टा कमरेला करकचून बांधला. गुडघा कुरकुरला, त्यानं ऐकलं नाही. मिहिरनं उडी मारली, त्यानं बळ लावलं आणि नव्वद किलोचं ते पोरगं दोन्ही हातांवर आभाळाकडे गेलं. गोल एक फेरी मारून त्यानं ते जपून खाली ठेवलं, वर आडवा पडला, आणि पंचाच्या आधी मैदानानंच तीन मोजून त्याला जिंकवलं.

माईक घेऊन राकेश आत आला. एका बाजूनं 'मास्तर', दुसरीकडून 'वरमाय', पाठीमागून 'टीसी'. "कोनतं नाव पुकारू?" त्यानं हळूच विचारलं.

गुलाबनं माईक स्वतःच्या हातात घेतला. दम लागला होता.

"रामराम मंडळी. मी गुलाब नत्थूजी ढगे. जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीतला."

मैदानातून "गुलाबभाऊ!" असा जो गजर उठला, तो वणेच्या पुलापलीकडं गेला असेल. पहिल्या रांगेत शरयूबाई टाळ्यांनी ताल धरून उभ्या होत्या.

राकेश कानाशी लागला. "पुलगावले येशीन ना, काका? शनवारी? पेटीची किल्ली देतो."

"पेटी आनजो. पन बुवाचं ते सोंग नाई."

"नाई. गळ्याची शपथ."

"अन् मिहिरले आज पडल्याबद्दल एक शब्द बोलाचा नाई."

राकेशनं मान डोलावली. गुलाबनं माईक त्याच्या हाती दिला, खाली बसून दम खाणाऱ्या मिहिरला बगलेत धरून उठवलं आणि लोक अजून ओरडत होते तोवर त्याचाही हात आपल्या हातासोबत उंच धरला.