माझ्या पायाखालचा ब्रेक

"दादा, मी पाय दिला होता रे. गाडी थांबायला हवी होती."

अपघाताला सात आठवडे होऊन गेले, तरी धाकटीची सुई या दोन वाक्यांवरून हलेना. उभ्या ट्रकच्या आडून पोस्टमनकाका पिशवी सावरत रस्त्यावर आले, हिने ब्रेक दाबला, आणि गाडी तरीही पुढे गेलीच. काकांच्या मांडीचं हाड मोडलं. गॅरेजवाल्याने चारही चाकं उघडून पाहिली. ब्रेक ठणठणीत. वेग चाळीस, त्या रस्त्याला चालतो तेवढाच.

ब्रेक ठणठणीत म्हटल्यावर खोट माणसातच निघणार. कोणी म्हणालं, मोबाईल बघत असेल. माझे मेहुणे बिचारे मायेनेच विचारायचे, "माझ्या दुखण्यापायी जागरणं होतात तुझी. डोळा तर नाही ना लागला?" धाकटी आधी "नाही" म्हणायची. मग "नसावा" म्हणू लागली. परवा माझ्यादेखत म्हणाली, "असेलही."

गाडी का थांबली नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि मी सात आठवडे मूग गिळून बसलो होतो.

बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतो. आमची गाडी डबल कंट्रोलची. शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसा एक ब्रेक माझ्याही पायाशी. मी दाबला की तिकडचाही आपोआप खाली जातो. माझा नियम साधा: आपण पाय घातला की तोंडाने सांगायचं, "हा माझा होता." शिकणाऱ्याला लाज वाटते, रागही येतो, पण आपला पाय किती उशिरा पोचतो ते कळतं.

धाकटीला मी असं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती भर रस्त्यात उतरली. "मग तूच चालव ना!" म्हणाली, आणि कडेच्या कठड्यावर बसून रडली. मेहुण्यांना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यायचं होतं. तिच्याशिवाय नेणार कोण? दुसऱ्या दिवशी मी मऊ तळव्याचे कापडी बूट घातले, आणि तोंड मिटून घेतलं.

मग काय सांगावं, पोर फुलली. गिअर बदलताना स्वतःच जुळवलेलं गुणगुणायची,

डाव्या पायाचं क्लचशी सूत गं,
उजव्या पायाचं उतरलं भूत गं!

सायकल आडवी येणार हे मला येण्याआधीच दिसायचं. बावीस वर्षांचा डोळा. माझा पाय अलगद खाली जायचा. तिचा पोचेपर्यंत गाडी निम्मी मंदावलेली असायची. "बघ दादा, कशी जागच्या जागी थांबली!" मी म्हणायचो, "वा गं वा!" परीक्षेत गाडी वीसच्या वर गेलीच नाही, तिथेही निभावलं. पुढे स्वतःची गाडी आली तेव्हा ती कुरकुरली होती, "याचा ब्रेक जड आहे. तुझ्या गाडीचा कसा लोण्यासारखा." मी हसलो होतो. हसलो होतो मी.

रविवारी सकाळी तिला बळेच माझ्या शिकवणीच्या गाडीतून मैदानावर नेलं. चुन्याची रेघ ओढली. शेजारी बसलो, बूट काढले, आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली.

"हे काय, जेवायला बसलास?"

"चाळीसवर ये. रेघेशी आलो की मी 'थांब' म्हणेन."

मी 'थांब' म्हटलं. तिने जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी थांबली, आणि आम्ही टेप घेऊन मागे चालत गेलो. वीस मीटर.

"एवढे?" तिचा विश्वास बसेना.

"यातले पहिले अकरा मीटर ब्रेक लागलेलाच नव्हता," मी म्हटलं. "डोळ्याने पाहायचं, मनाने ओळखायचं, पाय उचलून तिकडे न्यायचा; यात एक सेकंद जातो. तुझा, माझा, सगळ्यांचा. चाळीसच्या वेगात गाडी तेवढ्यात अकरा मीटर जाते. उरलेले नऊ ब्रेकचे. साठवर असतीस तर नुसत्या ब्रेकचेच वीस झाले असते."

"पण या गाडीत शिकताना तर मी…"

"तुझा तो सेकंद माझा पाय भरून काढायचा. दर वेळी. तुला न सांगता."

ती टेप गुंडाळत होती. हात थांबला.

"तो ट्रक दिसला तेव्हाच तू वेग कमी करायला हवा होतास," मी म्हणालो. "पण का करशील? गाडी दहा मीटरमध्ये थांबते, असं मीच तुझ्या अंगात भिनवलं."

"बाकीच्यांना सांगायचास?"

"सांगायचो."

"मग मलाच का नाही?"

"तू रडायचीस गं. धाकटी आहेस."

"धाकटी बेचाळीस वर्षांची झाली, दादा. रडू द्यायचं होतंस."

ती चुन्याच्या रेघेवरून गाडीपर्यंत पुन्हा पायी चालत गेली, सावकाश, एकेक पाऊल टाकत. मग वळून म्हणाली, "काकांना तू सांगायचंस. आज. माझ्यासमोर."

पोस्टमनकाका वॉकर धरून दारातच उभे होते. "या! तीस वर्षं लोकांच्या दारी गेलो, आता लोक माझ्या दारी येतात."

मी सगळं सांगितलं. कापडी बुटांसकट सांगितलं. काकांनी ऐकलं, खुर्चीत बसले, पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला.

"म्हणजे चुकले तुम्हा दोघांचे पाय, आणि मोडला माझा," ते म्हणाले. कोणी हसलं नाही. तेही नाही. "मास्तर, लाड आपल्या घरात करावेत. रस्त्यावर आम्ही चालतो हो."



मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "काय गं, तुझा डोळा लागला होता म्हणतात सगळे. खरं का?"

"नाही काका," ती म्हणाली. "मी जागी होते. तुम्ही मला दिसला होतात."

हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.