लाईट माझ्या टपावरची

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हणा, पण म्हातारी म्हणालात तर हॉर्न वाजवून दचकवीन! देवळाली प्रवऱ्यात फिलिपभाऊंच्या दारात माझा मुक्काम. नव्या चकचकीत गाड्या चिखल बघून नाक मुरडतात, तिथं उसाच्या फडात मी चारी चाकांनी जोर लावून घुसते. "रणगाडा हाय रणगाडा!" लोक म्हणायचे आणि मी फुगायचे. मग पत्रा गंजला, दार दोरीनं बांधावं लागलं, टपावरच्या कॅरियरवर कोंबड्या बसायला लागल्या.

शेवटी फिलिपभाऊंच्या बायकोनं, एस्तेरबाईंनी फर्मान काढलं, "उद्या सोनईचा भंगारवाला येतोय. हे धूड माझ्या अंगनातून हलवा."

पण फिलिपभाऊ ऐकतात होय! त्याच दुपारी त्यांनी सूर्यभान मेकॅनिकला बोलावलं आणि बायकोच्या नाकावर टिच्चून माझ्या कॅरियरवर चार एलईडी लाईट चढवल्या. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर, वर क्लॅम्प आणि हातानं फिरवायचे नट.

"वेल्डिंगच मारू की," सूर्यभान म्हणाला.

"येडा हाय का? डांबरीवर पोलीस धरंल. फडात लावायच्या, रस्ता लागला की काढून शिटाखाली."

काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! या वयात मुंडावळ्या बांधल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी शेजारच्या चर्चच्या अंगणात कापणीच्या सणाचं नाटक होतं. एस्तेरबाईंनी महिनाभर बायकांना घासून तयार केलेलं. राजा झालेली बनुबाई मिशा लावून मंडपात उभी राहिली आणि गपकन अंधार!

"आवं, लाईट गेली!" एस्तेरबाई ओरडल्या.

फिलिपभाऊ चपला टाकून माझ्याकडं पळत सुटले. टपावर हात फिरवून चारी लाईट चाचपल्या आणि तिथूनच ओरडले, "कुठं गेली? हाय की जागेवर!"

"आंधळे झालात का? समदा गाव काळाकुट्ट हाय!"

"गावाचं मला काय ठावं? माझी लाईट हाय!"

"मंग आना की हिकडं, दादा!" बनुबाई मंडपातून बोलली. "माझी मिशी गळाया लागली!"

असा हशा पिकला! फिलिपभाऊंनी मला चर्चच्या अंगणात आणलं, पण मंडपाचं छत बुटकं, मला आत शिरता येईना. सूर्यभाननं फटाफट नट फिरवले, लाईट उतरवून मंडपाच्या बांबूला अडकवल्या, वायर माझ्या बॅटरीला जोडली. इंजिन बंदच ठेवलं, नाहीतर राजाचं भाषण माझ्याच धडधडीत बुडालं असतं.

आता सगळी मदार बॅटरीवर. ती विझली की नाटक विझलं, आणि उद्या भंगारवाला आहेच! मी मंडपाबाहेर जीव मुठीत धरून उभी. पण फिलिपभाऊ दर रविवारी बॅटरीचं पाणी बघतात, लोक हसले तरी बघतात. त्या पाण्यानं तासभर इमान राखलं. शेवटच्या गाण्याला एस्तेरबाई बाहेर आल्या आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

सकाळी भंगारवाला आला. "च्या घ्या न निघा," एस्तेरबाई म्हणाल्या. "जीप इकायची न्हाई."

तेव्हा मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला हार घालू नका, तेल-पाणी घाला. बाकीचं ती बघून घेईल.

आता फिलिपभाऊंची एकच तक्रार आहे. फडात निघायचं म्हटलं की किल्ली सापडत नाही. कशी सापडेल? ती एस्तेरबाईंच्या कमरेला असते!